आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं, दुखण्याच्या गोळ्या घेतच नाई, काय करू?

दारव्ह्याचा पोरगा
नमस्कार मंडळी. आईचं (वय 58) पोट उघडून पिशवीचं ऑपरेशन झालं, आज सहावा दिवस, काल घरी आणलं. डॉक्टरनं गोळ्या लिहून देल्ल्या पण आई म्हणते गोळ्यानं किडनी जाते, अन तुम्हा तिघांच्या टायमाले सोसलं तं हे काहून सोसत नाई. भिंतीकडं तोंड करून पडून राहते, खोकला आला तं दाबते. इकडं सोयाबीन सोंगणीले आलं, बायको अन मी आळीपाळीनं घरी थांबतो. रात्री लयच कण्हत होती तं गावातल्या दुकानातून एक गोळी आणून देल्ली, बरं वाटलं तिले. रोज तीच देऊ का? बीपीची गोळी चालू आहे तिची.

सिस्टरताई
दादा, आईले सोसू नका देऊ. मी सर्जरी वॉर्डात बरीच वर्षं काढली, दुखते म्हणून जी बाई खोकत नाही, दम भरून श्वास घेत नाही, तिच्या छातीत कफ साचते अन न्यूमोनिया होऊ शकते, आणि नुसतं पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती. गोळी दुखणं सहन होईना तेव्हाच द्यायची नसते, चिठ्ठीवरच्या टायमाले द्यायची, आणि तिले चालवायच्या अर्धा-पाऊण तास आधी बसेल असा टाइम धरा. खोकताना पोटावर उशी नाहीतर लुगड्याची जाड घडी दाबून धरायला सांगा. उठताना सरळ उठवू नका, कुशीवर वळवून हाताच्या जोरावर उठवा.

मेडिकलवाला, वणी
रात्री देल्ली ती कोणती गोळी? गोळीच्या पत्त्यावर (पाकिटावर) वाचून लिहा आधी.

दारव्ह्याचा पोरगा
आयबुप्रोफेन 400 पॅरासिटामॉल 325 लिहिलं आहे. दवाखान्याच्या चिठ्ठीत ॲसिक्लोफेनॅक 100 पॅरासिटामॉल 325 सकाळ-संध्याकाळ, अन सादी पॅरासिटामॉल 650 तीनदा.

मेडिकलवाला, वणी
मग दुकानची बंद करा भाऊ, आजच. आयबुप्रोफेन अन ॲसिक्लोफेनॅक एकाच जातीच्या, दोन्ही मिळून पोटात अल्सर अन किडनीवर ताण, त्यात बीपीच्या काही गोळ्यांसंगं हा ताण आणखी वाढते. आईची भीती अगदीच खोटी नाही, पण ती मनानं वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्यांची, डॉक्टरनं मोजून देल्लेल्या चार दिवसांची नाही. चिठ्ठीतलं पॅरासिटामॉल मोजलं, 1950 अन 650 म्हणजे 2600 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाले दिवसाले 4000 च्या वर जाऊ नये, बारीक अंगाच्या बाईले त्याहून कमी, म्हणून सर्दीतापाचीही गोळी वरून देऊ नका, तिच्यातही बहुतेक पॅरासिटामॉल असतेच. बीपीच्या गोळीचं नाव सांगून डॉक्टरले फोन करा, ॲसिक्लोफेनॅक चालू ठेवायची का ते विचारा. देल्लीच तर जेवणानंतर, पाणी भरपूर.

आर्णीची मीरा
आमच्या सासऱ्याचं हर्नियाचं झालं तेव्हा गावच्या डॉक्टरनं रोज दुखण्याची सुई टोचली अन घरी चिठ्ठीतल्या गोळ्याही चालूच, कोणी एकमेकाले विचारलंच नाही, पाचव्या दिवशी डांबरासारखी काळी संडास झाली, रक्त चढवावं लागलं. म्हणून हात जोडून सांगते, काळी संडास, लघवी कमी होणं, ताप, टाक्यातून पू, एका पायाची पोटरी सुजणं, दम लागणं, किंवा दुखणं कमी व्हायचं सोडून वाढत जाणं, यातलं एक जरी दिसलं तर सोंगणी राहू द्या, 108 ले फोन करा.

दारव्ह्याचा पोरगा
डॉक्टरशी बोललो. बीपीची गोळी ऐकून त्यांनी ॲसिक्लोफेनॅक बंद केली, सादी पॅरासिटामॉल चारदा द्यायले सांगितली. आईले म्हटलं डॉक्टरनं किडनीचीच काळजी केली, तवा घेतली तिनं. पाऊण तासानं ओसरीपर्यंत चालली अन लुगड्याची घडी धरून मोकळं खोकलली. दुसरी गोळी दुपारी 2 ले आहे, बायकोनं मोबाईलमधे अलार्म लावला.