मदत हवी आहे: मोठ्या खंडानंतर अकाउंट्सची नोकरी, मुलाखतीत कसं बोलावं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. बी.कॉम. झाल्यावर सातपूर एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात अकाउंट्सला होते. २०१६ मध्ये मुलीच्या वेळी नोकरी सोडली, ती सुटलीच. आता मुलगी शाळेत रुळली आहे, सासूबाई घरी असतात आणि मला पुन्हा पूर्णवेळ काम करायचं आहे. घरून डेटा एन्ट्री वगैरे नको, अकाउंट्सच हवं. ते काम मला मनापासून आवडतं.

मी सोडलं तेव्हा व्हॅट आणि एक्साइज होतं. पर्चेसची बिलं टाकणं, बँक रिको (आपली नोंद आणि बँकेचा उतारा जुळवणं), येणी वसूल करायला फोन, गिऱ्हाइकांकडून सी फॉर्म (परराज्यातल्या विक्रीवर कमी कर लावायला लागणारा कागद) गोळा करणं, असं माझं काम. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि यातलं निम्मं गेलं. गेल्या वर्षी टॅली आणि जीएसटीचा क्लास केला. घरी लॅपटॉपवर टॅली प्राइमच्या एज्युकेशनल मोडमध्ये सराव करते. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेता येतात, पण हात बसायला तेवढं पुरतं.

आता मुख्य अडचण. अंबडच्या एका कारखान्यात मुलाखत झाली. समोर मालक आणि त्यांचे सीए. सीएंनी विचारलं, "माल आला, बिल आलं, पैसेही दिले, पण २बी मध्ये ते बिल दिसत नाही. क्रेडिट घ्याल?" (२बी म्हणजे सप्लायरनी भरलेल्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणारी आपल्या खरेदीची यादी, आणि क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट.) मी सांगितलं की नाही घेणार. आधी सप्लायरला फोन करेन, त्याने जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरलाय का, आपला जीएसटी नंबर बरोबर टाकलाय का, की चुकून बी२सी मध्ये, म्हणजे जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाची विक्री म्हणून दाखवलंय ते बघेन, आणि २बी मध्ये येईपर्यंत थांबेन. सीए "बरोबर" म्हणाले. मग मालकांनी विचारलं, "इतकी वर्षं काय करत होतात?" घर आणि मुलगी सांभाळत होते असं मी म्हटलं. त्यानंतर अकाउंट्सचा एकही प्रश्न आला नाही. मुलगी आजारी पडली तर काय, मार्चएंडला रात्री थांबाल का, मिस्टर कुठे असतात, एवढंच. शेवटी "कळवतो".

असं याआधीही झालंय. कामाचं विचारलं की मी ठाम असते, खंडाचा विषय निघाला की आवाजच बदलतो. तो प्रश्न आला की नेमकं काय बोलावं? घरच्या प्रश्नांना किती उत्तर द्यायचं? आणि पगाराची अपेक्षा विचारतात तेव्हा जुना पगार सांगावा का? त्याला इतकी वर्षं झालीत की तो आकडा आता काहीच सांगत नाही.

आणखी एक. गेली काही वर्षं आमच्या सोसायटीची खजिनदार म्हणून हिशेब मीच बघते. ते बिनपगारी आहे म्हणून बायोडेटात लिहिलेलं नाही. लिहावं का?

खतावणी:
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे. लिहायचंच, आणि अगदी वर लिहायचं. मी एका मध्यम कंपनीत अकाउंट्स बघतो, माझ्या हाताखाली माणसं घेतो. सोसायटीचे हिशेब म्हणजे मेंटेनन्सची बिलं काढणं, थकबाकीवर व्याज लावणं, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी वेगळा ठेवणं, बँक रिको, ऑडिटरला कागद देणं, मग दोषदुरुस्ती अहवाल आणि ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभेपुढे ताळेबंद. बरोबर ना? यातलं कुठलं काम कंपनीत नसतं? पगार मिळाला नाही हा तुमच्या कामाचा दोष नाही. बायोडेटात फ्लॅट किती, वर्षाची उलाढाल किती, सॉफ्टवेअर कोणतं हे आकड्यांत लिहा. ऑडिटमध्ये काय शेरे आले आणि ते कसे मिटवले हेही तोंडी तयार ठेवा. त्यावर मुलाखत घेणारा दहा मिनिटं बोलेल, आणि तेवढा वेळ गप्पा अकाउंट्सच्याच होतील.

दुसरं, अकाउंटंटचा महिना जिभेवर हवा. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १४ ला २बी येतं, १५ ला पीएफ आणि ईएसआयसी, २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न. "रुजू झालात तर पहिला महिना काय कराल?" असं मी प्रत्येकाला विचारतो. बहुतेक जण "जे सांगाल ते" म्हणतात. त्याऐवजी तुम्ही म्हणा की आधी बँक रिको कुठपर्यंत झालंय ते बघेन, मग २बी आणि पर्चेस रजिस्टर जुळवेन, येणी-देणीचं एजिंग (कोणती रक्कम किती दिवस थकली ते) काढेन, आणि एमएसएमई, म्हणजे लहान उद्योगातल्या सप्लायरचे पैसे द्यायचे ४५ दिवस उलटलेत का ते तपासेन. असं बोलणाऱ्या माणसाला खंड किती वर्षांचा हे मी तरी नंतर विचारतो.

तिसरं, तुम्ही मागे पडलात असं मानू नका. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) सक्तीचं होण्याची उलाढालीची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. आयएमएस, म्हणजे सप्लायरची बिलं पोर्टलवर स्वीकारायची-नाकारायची सोय, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि सगळ्यांनी आपापले आयटम मास्टर पुन्हा तपासले. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा कायदाच नवा, टीडीएसची वर्षानुवर्षं पाठ असलेली कलमं बदलली. वीस वर्षं खुर्चीवर बसलेलेही नव्याने शिकतायत. नावे-जमा मात्र तेच आहे, आणि ते तुम्हाला येतं.

गोदाकाठ:
मी स्वतः दोन्ही मुलांनंतर परत कामावर लागले, म्हणून घरच्या प्रश्नांबद्दल लिहिते. हे प्रश्न पुरुषांना विचारत नाहीत, आणि विचारू नयेतच. पण नोकरी हवी असताना तिथे वाद घालण्यात आपली ताकद जाते. मी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं: "घरची व्यवस्था लावूनच मी अर्ज केलाय, वेळेची अडचण येणार नाही." बस. सासूबाई आहेत, मिस्टर अमुक ठिकाणी असतात, हे काही सांगायचं नाही. जितकं सांगू तितके पुढचे प्रश्न निघतात. आणि लगेच आपण त्यांना विचारायचं, "तुमच्याकडे महिन्याचं क्लोजिंग किती तारखेला होतं?" विषय आपोआप कामावर येतो. मार्चएंडला थांबायची खरंच तयारी असेल तरच हो म्हणा. नसेल तर किती वाजेपर्यंत जमेल ते आत्ताच स्पष्ट सांगा, नंतर कटकट नको.

हे वाक्य घरात मोठ्याने म्हणून बघा. मनात म्हटलेलं आणि तोंडाने म्हटलेलं यात फार फरक पडतो. मी फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचे, तेव्हा कळलं की मी वाक्याच्या शेवटी आवाज पाडते.

सिन्नरकर:
पगाराबद्दल. जुना आकडा सांगू नका, विचारला तर "तेव्हाचं काम आणि आताचं काम वेगळं आहे" म्हणा. नाशिकमधल्या अशाच पदांच्या जाहिराती पोर्टलवर बघून, ओळखीच्यांना विचारून एक पट्टा ठरवा आणि खालचा आकडा असा ठेवा की तो मिळाला तरी तुम्ही आनंदाने जाल. हातात किती आणि पीएफ धरून किती हे विचारायला लाजू नका.

शोधताना महास्वयम आणि एनसीएस या सरकारी पोर्टलवर नाव घाला, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. एजन्सीने नोंदणीचे, ट्रेनिंगचे किंवा 'ऑफर लेटर'चे पैसे मागितले की फोन ठेवून द्या. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. खतावणी, तुम्ही लिहिलेली सोसायटीची सगळी कामं मी खरोखर करते, फक्त त्यांना काम म्हणत नव्हते. आमच्याकडे ६४ फ्लॅट आहेत. मी हिशेब घेतले तेव्हा ऑडिटरचा शेरा होता की सभासदांची वैयक्तिक खाती ताळेबंदाशी जुळत नाहीत. जुन्या पावत्या बँकेच्या उताऱ्याशी लावत बसले, तेव्हा कळलं की एनईएफटीने आलेल्या बऱ्याच रकमा सस्पेन्सला (कोणाच्या ते न कळलेल्या रकमांच्या खात्याला) पडून होत्या. त्या ज्याच्या त्याच्या खात्याला नेल्या, पुढच्या ऑडिटला तो शेरा आला नाही.

खंडाच्या प्रश्नाचं उत्तर असं लिहिलंय, बघाल का: "२०१६ पर्यंत मी कारखान्यात अकाउंट्सला होते. त्यानंतर मुलीसाठी पूर्णवेळ नोकरी थांबवली. या काळात ६४ फ्लॅटच्या सोसायटीचे हिशेब आणि ऑडिट सांभाळलं, जीएसटी आणि टॅली प्राइम शिकले. आता पूर्णवेळ कामासाठी तयार आहे."

आणि एक विचारायचं आहे. एका सीएंच्या ऑफिसात जागा आहे, पगार कमी आहे. आधी तिथे जावं की कंपनीतच प्रयत्न करत राहावं?

खतावणी:
उत्तर उत्तम. फक्त "थांबवली"नंतर क्षणभरही थांबू नका, त्याच दमात सोसायटीवर या. आणि सस्पेन्सचा किस्सा नक्की सांगा. मला कोणी हे सांगितलं असतं तर मी पुढचा उमेदवार बघितला नसता.

सीएंकडे जाण्याबद्दल माझं मत हो. तिथे दहा धंद्यांची रिटर्न हाताखालून जातात, पोर्टलवर प्रत्यक्ष हात बसतो, नोटिसांना उत्तरं कशी देतात ते दिसतं. शिवाय त्यांच्या क्लायंटना अकाउंटंट लागला की पहिली विचारणा त्यांच्याकडेच होते. पण जाण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. रिटर्न तुम्ही स्वतः तयार करणार की नुसती बिलं टाकणार, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ऑडिटच्या दिवसांत वेळ काय. नुसती बिलं टाकायची असतील तर कंपनीच बघा.

धागाकर्ती:
विचारलं. तीन क्लायंटचं ३बी पहिल्या महिन्यापासून माझ्याकडे देणार म्हणाले, तपासणार ते स्वतः. सोमवारी प्रत्यक्ष भेटायला बोलावलंय. तिथे संगणकावर चाचणीही घेणार आहेत, बँक रिको आणि २बीची जुळवणी. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट मला येतं, त्याशिवाय आणखी काय बघून जाऊ?