इंटरॅक्टिव्ह टॉय: खेळणं, खेळ की चाळा?

मंडळी, एक शब्द हवाय. पी५ जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये कोडने चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) छोटंसं प्रकरण केलंय, स्क्रीनवर बोट फिरवलं की ती रेघ मधल्या बिंदूभोवती सहा ठिकाणी उमटते आणि प्रत्येकीचं आरशातलं रूपही, म्हणजे एका रेघेच्या बारा. स्कोअर नाही, लेव्हल नाही. इंग्रजीत अशाला सरळ टॉय म्हणतात. मी ‘परस्परसंवादी दृश्य खेळणे’ लिहिलं तर भाची म्हणाली हा जीआर आहे का. गेम म्हटलं की लोक विचारतात जिंकायचं कसं.

*

शोभादर्शकच की हा! स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने १८१७ मध्ये कॅलिडोस्कोपचं पेटंट घेतलं, नाव त्यानेच ग्रीकमधून जुळवलं, सुंदर + आकार + पाहणे. आपला शब्द त्याच वळणाचा आहे. तसंच काहीतरी ‘रेघदर्शक’ करा.

*

>> रेघदर्शक
दर्शक म्हटलं की नुसतं बघायचं, ह्यात हात कुठे आला? आणि ‘खेळ’ पण नको, खेळाला एक तर डाव लागतो नाहीतर प्रेक्षक (नाटकाचा खेळ, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ). खेळणं चालेल, पण ते म्हणजे भोवरा, भिरभिरं, खुळखुळा, हातात धरायची वस्तू. आमच्या आजीचा शब्द घ्या, चाळा. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसणं, मीटिंगमध्ये बॉलपेन टिकटिक करत राहणं, ‘हाताला काहीतरी चाळा लागतो’ म्हणतो ना आपण.

*

चाळा भारी! फक्त अनेकवचन सांभाळा, ‘आमचे चाळे बघा’ अशी लिंक फॅमिली ग्रुपवर टाकलीत तर काका फोन करतील :)

*

>> परस्परसंवादी
ह्यावरही बोलू. संवाद म्हणजे दोघं बोलतायत, इथे रेघ बोटामागून नुसती धावतेय. ‘बोटाला प्रतिसाद देणारं’ एवढं पुरे, आणि चाळा म्हटलं तर तेही नको, हात त्यात आलाच.

*

चाळा पटला, कारण तो होताना मी बघितलाय. आधी बॅकग्राउंडची (अख्खी स्क्रीन एका रंगाने भरणारी) ओळ कोडच्या ‘ड्रॉ’ या भागात होती, ड्रॉ सेकंदाला साधारण ६० वेळा चालतो, तेवढ्या वेळा पाटी पुसली जायची आणि बोटाखाली नुसती रेघेची चिंधी वळवळायची, भाचीने दोन मिनिटांत मोबाईल ठेवून दिला. मग ती ओळ ‘सेटअप’ या भागात नेली, तो एकदाच चालतो, रेघा राहायला लागल्या पण थोड्या वेळाने सगळा गिचमिड काला. आता दर फ्रेमला जवळजवळ पारदर्शक काळा थर फासतेय, त्यामुळे जुन्या रेघा हळूहळू विरतात (पूर्ण जात नाहीत, ओल्या फडक्याने पाटी पुसल्यावर राहतं तसं करडं भूत राहतं, रंगाचे आकडे पूर्णांकात मोजले जातात ना, शेवटचा थोडासा फरक उतरतच नाही). तर त्या दिवशी तिने वरणभात डाव्या हाताने खाल्ला, उजवं बोट स्क्रीनवरच. हे खेळणं नाही, चाळाच.

*

मग ‘रेघांचा चाळा’ ठेवा की. आणि प्रोग्रामला ‘स्केच’च म्हणा, पी५ ज्यावरून आलं त्या प्रोसेसिंगपासून, म्हणजे २००१ पासून, तेच चालत आलंय, मराठी करायला जाऊ नका.

*

ठेवलं! आता क्लिअरच्या बटणावर काय लिहू, ‘पुसा’ की ‘पाटी कोरी’? ‘साफ करा’ नको, फिनाईलचा वास येतो.