अनुभव धागा: काचेवरचं रेडियम – देव, गाव, आडनाव आणि ऐट

एमएच ०६ (रायगड) च्या मागे ‘आई एकवीरा’, ०८ (रत्नागिरी) वर ‘मार्लेश्वर’, ०७ (सिंधुदुर्ग) वर ‘रवळनाथ’ नाहीतर ‘सातेरी’. मागची काच वाचली की गाडी कुणाची, कुठली, बरंचसं कळतं. जे हे काम करतात किंवा नेहमी करून घेतात त्यांनी इथे लिहा. गाडी कधी घेतली, पेढे किती वाटले ते नको. काय, कसं आणि कुठे बिघडतं तेवढं हवं.

कटिंगवाला, कुडाळ
निम्मी कामं शिरोरेघेवर फसतात. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरावर जराशी चढलेली असते. प्लॉटरला, म्हणजे कापणाऱ्या मशीनला, ते वेगवेगळे आकार वाटतात, तो सगळ्यांच्या कडा कापतो आणि ‘सातेरी’चे तीन तुकडे हातात येतात. म्हणून टाइप झालं की आधी कर्व्ह (अक्षरांचे आकार करणं), मग वेल्ड (ते आकार एकमेकांत जोडणं). वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडा दिसतात तिथे) बघा, रेघेच्या आत आडवी-उभी एकही खूण राहता कामा नये.

दुसरी गोष्ट अनुस्वार. ५ मिमीपेक्षा बारीक ठेवला तर जादा विनाइल (रेडियमचा चिकट प्लास्टिक पत्रा) सोलताना तोही उचलला जातो आणि ‘आंगणेवाडी’ची ‘आगणेवाडी’ होते. गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही, घरी गेल्यावर त्याची आई दाखवते.

पात्याची खोली आधी छोटा चौकोन कापून बघा. सोलल्यावर मागच्या कागदावर नुसता ओरखडा दिसला पाहिजे. कागद आरपार गेला तर पातं जास्त बाहेर आहे.

खाडीपट्टा
कटिंगवाले भाऊ, अरबी अक्षरांतही तीच गत. ‘माशाअल्लाह’मधल्या ‘शीन’वर तीन ठिपके असतात. ते गळले की ‘सीन’ उरतो आणि शब्दाचा अर्थच जातो. ठिपके अक्षराला बारीक दांडीने जोडणं फार वाईट दिसतं. त्यापेक्षा अक्षराची उंचीच वाढवा, ठिपके आपोआप मोठे होतात. ‘७८६’ला यातलं काहीच लागत नाही, म्हणून घाईत तेच लावतात!

पेण-उरण
कार्ल्याची एकवीरा घाटावर, पुणे जिल्ह्यात. पण तिचं नाव काचेवर बघायचं तर खाली आगरी-कोळ्यांच्या गाड्यांवर. नावाशेजारी होडी नाहीतर पापलेट. पैसा दिसतो तो आडनावात: सोनेरी क्रोम (आरशासारखं चकाकणारं विनाइल), काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाऱ्या हवेत क्रोम कडेने काळवंडतं, कारण वरचा थर धातूचा असतो. नुसत्या सोनेरी रंगाचं पॉलिमेरिक (कमी आकसणारं) विनाइल घ्या, दहा पावलांवरून फरक कळत नाही. स्वस्तातलं मोनोमेरिक उन्हाने आकसतं आणि अक्षराभोवती चिकट काळी किनार उरते. ती जांभ्याची धूळ ओढते.

गुहागर
आमच्याकडे ‘व्याडेश्वर’ (गुहागरचा महादेव, बऱ्याच चित्पावनांचं कुलदैवत) दिसला की बहुधा चित्पावनांची गाडी. आडनाव लिहायची गरजच पडत नाही.

फिटर, चिपळूण
पावसाळ्यात लावायचं असेल तर बंद शेडमध्ये. काच शाम्पूने धुऊन आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. डॅशबोर्डच्या पॉलिशचा हात काचेला लागला असेल तर काहीच धरत नाही. स्प्रेच्या बाटलीत लिटरभर पाणी आणि शाम्पूचे चार-पाच थेंब. जास्त घातलात तर गोंद सरकत राहतो. मधून बाहेर स्क्वीजी (पाणी काढायची रबरी पट्टी) ओढा, अर्धा तास थांबा, मग ट्रान्सफर टेप (अक्षरं उचलून काचेवर ठेवायची वरची टेप) काचेला जवळजवळ टेकवत, उलट्या दिशेने सोला. सरळ बाहेर ओढली की वेलांट्या टेपबरोबर येतात. दोन दिवस प्रेशरने धुलाई नको.

चाकरमानी
गणपतीत टोलमाफीचा पास मिळतो तो कुठे चिकटवायचा?

फिटर, चिपळूण
पुढच्या काचेला आतून, डाव्या खालच्या कोपऱ्यात, दोन टेपच्या पट्ट्यांवर. फेव्हिकॉल नको, आठवडाभराचंच काम आहे.

नियमवाले काका
चार-एक-चार-एक वाकवून केलेला ‘दादा’ नंबरपाटीवर चालत नाही. एचएसआरपीची (हाय सिक्युरिटी नंबरपाटीची) अक्षरं साच्यातली असतात आणि तिच्यावर वरून रेडियम लावणंही नियमात बसत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती पाटी सक्तीची आहे. पुढच्या काचेला आतून लावायचा १०० बाय ६० मिमीचा नोंदणी स्टिकर झाकू नका. डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा. मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार यायला हवा, त्यामुळे अख्खी काच भरून राजमुद्रा लावणाऱ्यांनी जरा विचार करावा. काळी फिल्म तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली.

जुनी गाडी, सावंतवाडी
काढायचं कसं तेही सांगतो. मागच्या काचेत डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा असतील तर आतल्या बाजूने ब्लेड लावू नका. एक तार तुटली की तेवढी पट्टी धुकट राहते. हेअर ड्रायरने कोपरा गरम करून विनाइल काचेला समांतर, सावकाश ओढा. उरलेल्या गोंदावर निलगिरीचं तेल पाच मिनिटं ठेवून कापडाने पुसा. पत्र्यावरचं काढताना आधी विचारा, पॅनेल पुन्हा रंगवलंय का. गॅरेजचा रंग स्टिकरबरोबर सालपटासारखा निघतो. मूळ रंग टिकला तरी खालचं नाव दिसत राहतं, कारण भोवतालचा रंग उन्हाने उडालेला असतो. थोडं पॉलिश करून फिकं होतं, पूर्ण जात नाही. गाडी विकली तरी नवा मालक तुमचा रवळनाथ घेऊन फिरतो.