जावा: चार आर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर लिहिलाय, तरी ‘नो आर्ग्युमेंट्स’ म्हणतंय

गवळ्याचं_पोर

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जावाच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या गावच्या डेअरीचं दूध संकलन घेतलंय, कारण सकाळ-संध्याकाळ मीच तिथं काट्यावर उभा असतो. पहिलाच क्लास अडलाय, त्यातल्या कन्स्ट्रक्टरवर, म्हणजे नवा ऑब्जेक्ट बनताना त्यात किंमती भरणाऱ्या भागावर. (एसएनएफ म्हणजे दुधातलं फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ.) फोनवर मराठी कीबोर्ड आहे, म्हणून कोड उच्चारून लिहितोय, सांभाळून घ्या.

पब्लिक क्लास दूधनोंद {
  इंट कोड;
  डबल लिटर, फॅट, एसएनएफ;

  पब्लिक व्हॉइड दूधनोंद(इंट कोड, डबल लिटर, डबल फॅट, डबल एसएनएफ) {
    कोड = कोड;
    लिटर = लिटर;
    फॅट = फॅट;
    एसएनएफ = एसएनएफ;
  }
}

मेनमध्ये न्यू दूधनोंद(११४, ६.५, ३.८, ८.६) लिहिलं की एरर येते: कन्स्ट्रक्टर कॅनॉट बी अप्लाइड टू गिव्हन टाइप्स, रिक्वायर्ड नो आर्ग्युमेंट्स. अहो, चार आर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर समोर दिसतोय की! आणि रिकामा न्यू दूधनोंद() मी लिहिलेलाच नाही, तो मात्र बिनतक्रार चालतोय.

सेमीकोलन_सम्राट

व्हॉइड काढ.

गवळ्याचं_पोर

काढला. ती एरर गेली, पण आता रिकाम्या न्यू दूधनोंद()ची ओळ लाल झाली. ती कॉमेंट करून चालवलं तर कोड ० आणि बाकी सगळं ०.० छापतंय. एक निस्तरलं की दुसरं उभं.

बिलवाला_सांगली

सम्राटांचं उत्तर बरोबर आहे, पण एवढ्यावर पोरगं पुढच्या क्लासला परत अडकणार. मी डेअऱ्यांच्या बिलाची सॉफ्टवेअरं लिहूनच पोट भरतो, त्यामुळे हा धागा सोडवेना.

कन्स्ट्रक्टरला रिटर्न टाइप नसतो, व्हॉइडसुद्धा नाही. व्हॉइड लिहिलास त्या क्षणी ती साधी मेथड झाली, नाव क्लासचं असलं म्हणून काय झालं. जावाला ते चालतं, म्हणून त्या ओळीवर एरर नाही. मग कंपायलरनं पाहिलं, या क्लासला कन्स्ट्रक्टरच नाही, आणि स्वतःच्या पदरचा एक रिकामा दिला. ‘रिक्वायर्ड नो आर्ग्युमेंट्स’ तो त्याचाच. व्हॉइड काढल्यावर तुझा खरा कन्स्ट्रक्टर उभा राहिला, तसा त्यानं आपला काढून घेतला. म्हणून ती ओळ लाल. तसंच व्हायला पाहिजे.

आता शून्यं. कन्स्ट्रक्टरच्या आत ‘कोड’ म्हटलं की जावा सगळ्यात जवळचा कोड घेतो, म्हणजे कंसातला पॅरामीटर. कोड = कोड म्हणजे पॅरामीटर स्वतःलाच दिला, ऑब्जेक्टचं फील्ड कोरंच राहिलं. धिस म्हणजे हाच ऑब्जेक्ट. धिस.कोड = कोड लिही, चारही ओळींना.

आणि हे आजच कर: फील्डांच्या आधी फायनल लाव, म्हणजे किंमत एकदाच द्यायची, आणि द्यायचीच. फायनल इंट कोड, फायनल डबल लिटर, असं. या दोन्ही चुका कंपायलरनंच पकडल्या असत्या. व्हॉइड असताना म्हणाला असता, डिफॉल्ट कन्स्ट्रक्टरमध्ये कोडला किंमत मिळालेली नाही. धिस विसरलास तरी त्यानं अडवलंच असतं. शिकवताना फायनल शेवटच्या प्रकरणात का ढकलतात हे मला आजवर उमगलेलं नाही.

गवळ्याचं_पोर

धिस लावलं, ११४ ची ओळ बरोबर आली! फायनल पण लावलं. आता शंका अशी: कधी कधी मशीन बंद असतं, फॅट लागत नाही. तेव्हासाठी फक्त कोड आणि लिटर घेणारा दुसरा कन्स्ट्रक्टर करू का? त्यात गाईला फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ भरून टाकायचं.

पायथनप्रेमी

पायथनमध्ये डिफॉल्ट व्हॅल्यू दिली की एका इनिटमध्ये (तिथला कन्स्ट्रक्टर) काम झालं असतं. जावा म्हणजे नुसती लिखापढी.

बिलवाला_सांगली

प्रेमींनी पायथनचा धागा वेगळा काढावा, पोराची परीक्षा जावाची आहे.

दुसरा कन्स्ट्रक्टर जरूर करता येतो, त्याला ओव्हरलोडिंग म्हणतात. त्यात चार ओळी परत लिहू नकोस, धिस(कोड, लिटर, ३.५, ८.५) एवढंच लिही, मोठ्या कन्स्ट्रक्टरला काम लाव. ही ओळ पहिलीच हवी. २०२५ च्या जावा २५ पासून हा नियम सैल झालाय, पण कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी जावा असणार, तर पहिलीच ठेव.

पण तू म्हणतोस ते करू नये असं माझं मत. दहा दिवसांनी बिल निघेल तेव्हा ३.५ हे मोजलेलं की मानलेलं, कुणाला कळणार? एखाद्याची गाय ४.२ देते, तो डेअरीच्या दारात येऊन उभा राहील. आणि म्हैस असली तर ३.५ धरून त्याचा सरळ तोटा, तिचं बेसच, म्हणजे दर ठरवायचं फॅट आणि एसएनएफ, ६.० आणि ९.०. त्यापेक्षा ‘फायनल बूलियन मोजलेलं’ असं पाचवं फील्ड घे (बूलियन म्हणजे खरं किंवा खोटं) आणि मोठ्या कन्स्ट्रक्टरला ते मागू दे. छोटा कन्स्ट्रक्टर तिथं फॉल्स पाठवेल. पावतीवर अशा नोंदीपुढे फुली छाप.

आणखी एक. लिटर, फॅट, एसएनएफ तिन्ही डबल. घाईत कुणी ८.६ आणि ३.८ उलटं टाकलं तर कंपायलर चकार शब्द काढणार नाही. ते कन्स्ट्रक्टरमध्येच अडव:

इफ (लिटर <= ०) थ्रो न्यू इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन("लिटर तपासा");

गाईच्या दुधात फॅट एसएनएफपेक्षा जास्त आलं तरीही असंच अडव. त्यासाठी जनावर कुठलं हेही फील्ड लागेल, ते तू बघ. चुकीची नोंद जन्मालाच आली नाही तर पुढे बिलात, रिपोर्टात, कुठंच परत तपासावी लागत नाही.

(दर आणि रक्कम डबलमध्ये ठेवू नकोस, ०.१ + ०.२ छापून बघ. रुपयांऐवजी पैशांत ठेव, लाँगमध्ये, म्हणजे पूर्णांकात.)

गवळ्याचं_पोर

०.१ + ०.२ छापलं. ०.३०००००००००००००००४. हे काय राव!! पैसे लाँगमध्ये करतो.

पण सर म्हणतात जर्नलमध्ये रिकामा कन्स्ट्रक्टर दाखवायलाच पाहिजे, त्याचे दोन मार्क आहेत. दूधनोंदमध्ये टाकला तर फायनलवाल्या एररी येतायत.

बिलवाला_सांगली

येणारच, शून्य लिटरची नोंद त्याला करू द्यायची नाही म्हणून तर फायनल लावलं. मार्क सोडू नकोस, जागा बदल. पावती नावाचा वेगळा क्लास कर. त्यात दूधनोंदींची अ‍ॅरेलिस्ट असेल आणि ती सुरुवातीला रिकामीच असते. तिथं पब्लिक पावती() मध्ये न्यू अ‍ॅरेलिस्ट तयार कर, जोडीला तारीख घेणारा दुसरा कन्स्ट्रक्टर ठेव. सर विचारतील दूधनोंदमध्ये का नाही, तर त्यांना बिनकोडाची, बिनदुधाची नोंद छापून दाखव.