रविवारचं 'पालक मार्गदर्शन': सोसायटी ग्रुप

जोशी काकू (बी-२०३): सेक्रेटरीसाहेब, बोर्डावर काय लावलंय? "यशस्वी मुलं कशी घडवावीत", वक्ते ए-५०१ चे निनाद! बाळ आठ महिन्यांचं आहे त्यांचं.

साने (ए-१०२): हॉलचं भाडं भरलं का?

निनाद (ए-५०१): काकू, नमस्कार. आम्ही दोघांनी खूप वाचलंय, डॉक्टरांना विचारून विचारून सगळं करतोय. ते सांगायला काय हरकत आहे?

जोशी काकू: सांग की! पण "यशस्वी" कोण झालंय अजून? माझे दोघं इंजिनीयर आहेत, मी कधी बोर्ड लावला नाही.

रेखाताई (बी-३०१): काकू, राग नको. माझ्या नातवाला बारशाला मध चाटवा म्हणालात, तेव्हा निनादच्या बायकोनेच थांबवलं. वर्षाच्या आत मध नाही, बॉट्युलिझमची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेची भीती असते. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

जोशी काकू: आमची मुलं मध चाटूनच मोठी झाली.

साने: हॉलचं भाडं?

पवार (ए-४०४): भाड्याचं नंतर बघा, लिफ्टसमोरची बाबागाडी आधी हलवा.

निनाद: पवारसाहेब, रात्री घरात घेतो. तुमची बुलेटही रॅम्पवरून काढा, बाबागाडी चढत नाही.

पवार: 🙏

साने: भाडं??

सुमनताई (सी-१०१): मी तीस वर्षं बालवाडी चालवली, म्हणून बोलते. अनुताई वाघांना स्वतःचं मूल नव्हतं. १९४५ ला ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवरच्या मुलांत आयुष्य घातलं. त्यांचा शब्द आम्ही प्रमाण मानला, कारण त्यांनी शेकडो मुलं वर्षानुवर्षं पाहिली. निनाद, तू एकच पाहिलंस, तेही आठ महिने. लस, झोप, वरचं अन्न यावर तुझं ताजं आहे, आमचं जुनं झालंय. ते जरूर सांग. मूल पुढे काय होईल हे तुला ठाऊक नाही. आणि काकू, तुमचे दोघं इंजिनीयर झाले, त्यावरून शेजारचं पोरही होईल असं नाही.

जोशी काकू: मी तसं म्हटलंच नव्हतं.

रेखाताई: म्हणालात हो, गणपतीत.

निनाद: सुमनताई, पटलं. नाव बदलतो: "बाळाचं पहिलं वर्ष". तुम्हीही बोलाल का? दोन वर्षांपर्यंत मोबाइल नको म्हणतात, घरोघरी जेवताना तोच समोर असतो.

सुमनताई: बोलेन. गोष्टी सांगत भरवायचं कसं, ते करूनच दाखवते.

साने: भाडं ५०० रुपये. रोख नको, यूपीआय करा.

रेखाताई: पाचऐवजी सहाला ठेवा, पाचला पाणी येतं.