स्विचपेक्षा आधी डीएनएस तपासावा

महापेच्या कार्यालयात सकाळी लॉगऑनला फार वेळ लागतो म्हणून स्विच (संगणकांना नेटवर्कने जोडणारे यंत्र) बदलावा, हा सल्ला मला पटत नाही. संगणकांवर पर्यायी डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर भरलेला आहे आणि खरी गोम तिथेच आहे. डोमेन कंट्रोलर (लॉगऑन तपासणारा कार्यालयाचा सर्व्हर) शोधताना विंडोज जी एसआरव्ही नोंद (सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारी डीएनएस नोंद) विचारते, ती कार्यालयाच्या आतल्या डीएनएस सर्व्हरकडेच असते. बाहेरचा सर्व्हर ‘असे नावच नाही’ म्हणतो आणि तेच उत्तर खरे मानून संगणक दुसऱ्या सर्व्हरला विचारतच नाही. डीएचसीपीमधून (संगणकांना नेटवर्कचे पत्ते आपोआप देणारी सेवा) केवळ आतल्या डीएनएसचेच पत्ते द्यावेत आणि इंटरनेटसाठी फॉरवर्डर (बाहेरची नावे ज्याला पुढे विचारायची तो सर्व्हर) त्या सर्व्हरवर नेमावा. ज्या संगणकांवर पत्ते हाताने भरले आहेत, तिथे मात्र हा बदल आपोआप पोहोचणार नाही; तो वेगळा करावा लागेल.