इंटरनेट मार्केटिंग शिकण्यासाठी महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, की घरच्या व्यवसायातच शिकावे?

प्रश्न: आंबेबाग, राजापूर

नमस्कार. मी राजापूर तालुक्यात राहते आणि यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली आहे. आमची हापूसची बाग असून बहुतेक माल वाशीच्या बाजारात दलालांकडे जातो. थोड्या पेट्या मात्र पुण्या-मुंबईतील ओळखीच्या कुटुंबांना आम्ही थेट पाठवतो. थेट विक्रीत हाती पडणारी रक्कम पाहता हेच काम इंटरनेटच्या आधारे वाढवावे, असे बाबांना आणि मलाही वाटते. त्यासाठी डिजिटल मार्केटिंग शिकावे लागेल, याबद्दल घरात दुमत नाही; कोठे शिकावे, याबद्दल मात्र आहे. पुण्यातील एका महाविद्यालयात एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आहे. तिचे शुल्क आणि तेथे राहण्याचा खर्च मिळून जी रक्कम होते, तिचा लहानसा भाग जरी जाहिरातींवर घातला, तरी त्याहून अधिक शिकता येईल, असे माझ्या मामेभावाचे म्हणणे आहे. एखाद्या वर्षी बागेने दगा दिला तर नोकरी करता यावी, हाही विचार मनात आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद: किनारा, तारकर्ली

तुमच्या मामेभावाचे म्हणणे मला पटते. आम्ही तारकर्लीत पर्यटकांच्या राहण्या-जेवणाची सोय करतो, आणि या विषयातले जे काही थोडेफार कळते, ते स्वतःच्या पैशाने जाहिराती देऊनच कळले आहे. गूगल ॲड्सवरच्या शोध-जाहिरातींत सहसा क्लिकमागे पैसे मोजावे लागतात, त्यामुळे कोणता शब्द कामाचा आणि कोणता वायफळ, हे लवकर ध्यानात येते. तुमचेच उदाहरण घेतो. 'हापूस आंबा भाव' असे शोधणारा बहुधा बाजाराचा अंदाज घेत असतो, 'हापूस कलम' शोधणाऱ्याला झाड लावायचे असते, आणि 'हापूस पेटी घरपोच पुणे' असे लिहिणाऱ्याला खरोखर आंबे विकत घ्यायचे असतात. नको असलेल्या लोकांवर पैसे जाऊ नयेत, यासाठी 'कलम', 'रोप', 'रेसिपी' असे शब्द निगेटिव्ह कीवर्ड (ज्या शोधांवर जाहिरात दाखवू नये असे शब्द) म्हणून आधीच घालून ठेवावेत.

ठिकाणाच्या सेटिंगकडेही नीट पाहावे. जाहिरातीसाठी पुणे निवडले, तरी मूळ पर्यायात पुण्यात असलेल्यांबरोबर पुण्याविषयी केवळ रस दाखवणाऱ्यांनाही ती दिसू शकते. ज्याला पेट्या पुण्यातच पोहोचवायच्या आहेत, त्याने हा पर्याय बदलून घेणे बरे. अशा बारीक गोष्टी वर्गात ऐकल्या तर वहीत राहतात. खिशातून पैसे जाऊ लागले की पक्क्या होतात. गूगल मॅप्सवरील मोफत नोंदीचा आम्हाला फार उपयोग होतो, पण तुमच्याकडे गिऱ्हाईक चालत येणार नसल्याने तुम्हाला तो बेताचाच होईल.

प्रतिसाद: वाणिज्य शिक्षक, रत्नागिरी

वरील सूचना अचूक आहेत, तथापि त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. (मी महाविद्यालयात शिकवतो, तेव्हा माझा कल कोणीकडे असणार, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.)

आंबा हा हंगामी माल आहे आणि नेमकी तीच गोष्ट अनुभवातून शिकणाऱ्याची दिशाभूल करते. समजा, मार्चच्या अखेरीस तुम्ही जाहिरात सुरू केली आणि एप्रिलमध्ये मागणी दुप्पट झाली. ती जाहिरातीमुळे वाढली, की आवक वाढून भाव खाली आल्यामुळे आणि अक्षय्य तृतीया जवळ आल्यामुळे तशीही वाढणारच होती? जाहिरात विकणाऱ्या कंपनीचा डॅशबोर्ड अशा वेळी बरेचसे श्रेय जाहिरातीच्याच खात्यावर दाखवील. खरे उत्तर हवे असेल, तर साधारण सारखी मागणी असलेले दोन भाग निवडून एकात जाहिरात द्यावी, दुसऱ्यात देऊ नये, आणि दोन्हींतील विक्रीची तुलना करून दिसणारा फरक योगायोगाचा आहे किंवा कसे, हे तपासावे. त्यासाठी संख्याशास्त्राची बैठक लागते, आणि केवळ वर्षानुवर्षे जाहिराती देत राहिल्याने ती येत नाही. त्यातही हंगाम वर्षातून एकदाच येतो. यंदाचा निष्कर्ष चुकीचा निघाला, तरी तो पारखण्याची संधी पुढच्या हंगामापर्यंत मिळत नाही. महाविद्यालयात मात्र एकाच वर्षात अनेक व्यवसायांची आकडेवारी हाताखालून जाऊ शकते.

दुसरी बाजू कायद्याची आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे पाच जिल्हे आहेत, त्यामुळे राजापूरचा आंबा हापूस म्हणून विकण्यात काहीच गैर नाही. परंतु 'देवगड हापूस' हा शब्द अधिक शोधला जातो, असे कीवर्ड प्लॅनरमध्ये (कोणता शब्द किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात) दिसले म्हणून राजापूरच्या पेटीच्या जाहिरातीत तो घालणे, ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. क्लिकचा आकडा वाढवण्याच्या नादात हे भान सुटते.

आमची उणी बाजूही सांगतो. अभ्यास मंडळाने मंजूर केलेला अभ्यासक्रम काही वर्षे चालतो आणि साधने त्याआधीच बदलतात. ॲडवर्ड्सचे गूगल ॲड्स असे नामांतर २०१८ मध्ये झाले. प्रवेश घेण्यापूर्वी पुस्तिकेत अजून जुनेच नाव छापलेले आहे का, एवढे पाहिले तरी बराच अंदाज येतो.

प्रतिसाद: चिपळूणहून मुंबईला

मी मुंबईत एका जाहिरात संस्थेत नोकरी करतो, म्हणून केवळ नोकरीच्या अंगाने लिहितो. आमच्याकडे उमेदवाराच्या अर्जावरची पदवी पाहिली जाते, पण मुलाखतीत विचारणा होते ती त्याने हाताळलेल्या खात्याची: किती पैसे खर्च केले, काय बदलले, आणि बदलल्यावर काय झाले. गूगलच्या स्किलशॉप या प्रशिक्षण-संकेतस्थळावरील प्रमाणपत्रे मोफत मिळतात आणि वर्षभरच ग्राह्य असतात, त्यामुळे त्यांचे वजन बेताचे असते. संकेतस्थळावरील वर्दळ मोजणाऱ्या गूगलच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्स या साधनात १ जुलै २०२३ पासून नवी माहिती जमा होणे थांबले आणि सर्वांना त्याच्या नव्या आवृत्तीकडे, जीए४ (गूगल ॲनालिटिक्स ४) कडे वळावे लागले, तेव्हा पदवीधर आणि बिगरपदवीधर दोघेही नव्यानेच शिकत होते. फरक इतकाच दिसला, की मोजमापाची मूळ कल्पना ज्यांना ठाऊक होती त्यांना नवा पडदा सरावाचा व्हायला कमी वेळ लागला. म्हणून शिक्षकांचे म्हणणे मी मोडीत काढणार नाही.

तरीही संख्याशास्त्राच्या त्या बैठकीसाठी लगेच पुणे गाठण्याची गरज नाही. केंद्र सरकारच्या स्वयम् या संकेतस्थळावर अभ्यास विनामूल्य करता येतो, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे असते. माझ्या मते पावसाळ्यात संख्याशास्त्र आणि ग्राहक वर्तन यांचा अभ्यास घरी बसून करावा, येणारा हंगाम स्वतःच्या बागेवर काढावा, आणि त्या हंगामाची आकडेवारी हाती आल्यावर पदविकेचा विचार करावा. तेव्हा वर्गात काय विचारायचे, हे तुम्हाला ठाऊक असेल. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या खासगी क्लासेसपासून मात्र दूर राहावे. तेथे विद्यार्थ्याच्या हाती खऱ्या पैशावर चालणारे खाते देतात का, एवढेच विचारून पाहा. बहुधा विषय बदलला जाईल.

आंबेबाग, राजापूर

सर्वांचे आभार. हा हंगाम घरीच राहून काम करावे, असे आता वाटू लागले आहे. एक अडचण राहते. आमच्या मागण्या व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर येतात, संकेतस्थळ नाही. मग कोणती मागणी जाहिरातीमुळे आली, हे कसे ओळखावे?

चिपळूणहून मुंबईला

व्हॉट्सॲपची लिंक तयार करताना तीत संदेश आधीच लिहून ठेवता येतो. प्रत्येक जाहिरातीच्या लिंकमध्ये वेगळा संदेश ठेवावा, म्हणजे मागणी कोठून आली हे पहिल्याच ओळीवरून कळते. काही जण तो मजकूर पुसून स्वतःचा लिहितात आणि काही सरळ फोन करतात. त्यांना नंबर कोठे मिळाला हे विचारून पेटीच्या नोंदवहीत, पिनकोडसह, लिहून ठेवावे. गेल्या हंगामातील ग्राहकांसाठी वेगळा रकाना करावा, कारण त्यांनीही जाहिरातीवरची लिंक दाबली तर ते नवे ग्राहक म्हणून मोजले जातील. शिक्षकांनी सांगितलेली दोन भागांची तुलना करायची असेल, तर पिनकोडचा रकाना तेव्हाच उपयोगी पडेल, मात्र जाहिरात नसलेल्या भागातील मागण्याही त्याच वहीत त्याच पद्धतीने उतरवल्या पाहिजेत.